औताडे सरांचा कोबा

औताडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा अंगठा दूध काढायच्या यंत्रात होता. अडकलेला नव्हे, त्यांनी स्वतःच अडकवलेला. यंत्र सुरू होतं आणि सर शांतपणे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मी त्या दिवशी नोकरीवर रुजू व्हायला आले होते. हातात नेमणुकीचा कागद, अंगावर नवा कुडता, आणि मनात एक छोटंसं भाषणही तयार होतं. त्यांनी मोकळ्या हाताने थांबायची खूण केली. सात मिनिटांनी अंगठा बाहेर काढला, उजेडात धरला आणि मला विचारलं, निळा वाटतो का लाल? मी म्हटलं, लालसर. ते खूश झाले. निळा झाला असता तर यंत्र परत जाणार होतं, कारण जे अंगठ्याला सोसत नाही ते गायीच्या सडाने का सोसावं, असं त्यांचं म्हणणं होतं. माझा कागद त्यांनी नंतर बघितला, तोही आडनाव कळावं म्हणून. "देशपांडे का? बरं. गाय बघितलीय का कधी?"

बघितली होती, रस्त्यात. गुलमंडीच्या मागच्या बोळात आमचं घर, आणि घरात चार पिढ्यांत कुणी गाय पाळलेली नाही. वसुबारसेला आजोबा चित्रातल्या गायीला हळदकुंकू वाहायचे आणि ती चावत नाही याचं समाधान मानायचे. अशा घरातून मी थेट शहराबाहेरच्या कृषी महाविद्यालयाच्या पशुसंवर्धन विभागात आले, प्रयोगशाळा सहायक म्हणून, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. कॉलेजच्या मुख्य इमारतीच्या गच्चीवरून दौलताबादचा किल्ला दिसतो. गोठा कुठे आहे ते गच्चीवर न जाताही वासावरून कळतं.

सर विभागप्रमुख होते. नावामागे डॉक्टर लावायचा त्यांना हक्क होता, पण त्यामुळे गावाकडची माणसं पाठदुखी दाखवायला येतात म्हणून लावत नसत. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी गोचीड काढायचा चिमटा. कौतुक कधी करायचे नाहीत. माणसांशी बोलायचे ते जरा हुडूत केल्यासारखं आणि गायींशी मात्र अहो-जाहो. "सरकता का जरा?" असं ते गायीला म्हणत आणि गाय सरके. मला ते "बाई, सरा" म्हणत. पहिलं वर्षभर मला याचा राग यायचा, मग मीही सरकू लागले.

गायीच्या वाट्याला जे येणार ते आधी आपल्या अंगावर घेऊन बघायचं, ही त्यांची काम करायची पद्धत. सरकी पेंडीचं नवं पोतं आलं की ते चिमूटभर तोंडात टाकायचे, डोळे मिटून चघळायचे आणि "खवट आहे" किंवा "मीठ पाहिजे" असा निकाल द्यायचे. गोठ्यात थंडाव्यासाठी पाण्याचे फवारे बसवले तेव्हा ऐन मे महिन्यात अर्धा दिवस ते गव्हाणीपाशी भिजत उभे राहिले, आणि डावीकडच्या गायीच्या कानात पाणी जाईल असं सांगून एक फवारा काढायला लावला. बैठकीतसुद्धा तेच. गोठ्याला कोणता रंग द्यायचा, घंटा किती वाजता द्यायची, कशावरही चर्चा चालू असो, शेवटी ते विचारायचे, "जनावराला विचारलं का?" मग सगळे आपापले कागद गोळा करत आणि बैठक संपे.

गायींच्या नावांची तर वेगळीच तऱ्हा. पूर्वी गोठ्यात एक शोभा होती. तेव्हाच्या प्राचार्यांच्या पत्नीचं नावही शोभा. सरांनी एकदा भल्या सकाळी त्यांच्या घरी फोन करून, शोभा कुणाला हात लावू देत नाही आणि लाथा मारतेय, तुम्ही येऊन बघा, असं कळवलं. फोन पत्नीनेच घेतला होता. त्यानंतर गायींना फक्त नंबर द्यावेत असा लेखी आदेश आला. नंबरने हाक मारून गाय वळत नाही, हे सरांनी चार दिवस हाका मारून सिद्ध केलं आणि मग तोडगा काढला: तालुके. तालुक्याच्या नावाची कुणाची बायको नसते. तेव्हापासून आमच्या गोठ्यात पैठण, कन्नड, वैजापूर, फुलंब्री, सिल्लोड अशा अकरा गायी नांदू लागल्या. व्हरांड्यात उभं राहून सर फोनवर ओरडत, "पैठणला जुलाब लागलेत, कन्नड काल धरनं उठली नाय, अन् वैजापूर तर आटलीच." एकदा मुलाच्या प्रवेशासाठी आलेल्या एका पालकाने ते ऐकून घाबरून वैजापूरच्या बहिणीला फोन लावला होता.

सोयगाव ही देवणी जातीची, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. सर स्वतः सोयगाव तालुक्यातले. आपण पक्षपात करत नाही असं ते दर आठवड्याला सांगायचे आणि खिशातला गुळाचा खडा तिला द्यायचे.

आकड्यांच्या बाबतीत मात्र ते जराही सूट देत नसत. दुधातला स्निग्धांश काढायचा प्रयोग आमच्याकडे रोज चाले. काचेच्या नळीवर जो आकडा दिसेल तोच लिहायचा. चाळीस पोरांचा एकच आकडा आला तर चाळीसही वह्या परत. एकदा मी त्यांना म्हटलं, सर, दशांशाने काय बिघडतंय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या घरातली भांडी उचलताना सापडले होते. "दिसतं ते लिहा, बाई. दिसत नाय ते लिहायला बाकीचे विभाग आहेत."

असा हा माणूस, आणि त्याच्या आयुष्यातलं एकमेव खोटं माझ्यामुळे लिहिलं गेलं. ते कसं, ते सांगते.

त्या वर्षी आमच्या विभागाच्या सुधारणेला मंजुरी आली. गोठा आणि प्रयोगशाळा या शेजारीशेजारी उभ्या असलेल्या, सारख्याच लांबीच्या, सारख्याच पत्र्याच्या दोन इमारती. दारावरच्या पाट्या सोडल्या तर बाहेरून फरक कळू नये अशा. प्रयोगशाळेत गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स बसवायच्या होत्या आणि गोठ्यात खाचा पाडलेला खरखरीत सिमेंटचा कोबा करायचा होता, मागच्या बाजूला उतार आणि उताराच्या शेवटी शेण-मूत वाहून न्यायला नाली. काम उन्हाळी सुट्टीत होतं. गायी कडुनिंबाखाली बांधल्या होत्या आणि सर पुतण्याच्या लग्नाला गावी गेले होते. एका दुपारी टाइल्सचा ट्रक आला. ड्रायव्हरने मला विचारलं, कुठे उतरवू? प्रयोगशाळा काचसामानाच्या खोक्यांनी भरली होती, गोठा रिकामा होता. मी म्हटलं, तूर्त गोठ्यात ठेवा. आजवर मी जेवढ्या सूचना दिल्या त्यातली तंतोतंत पाळली गेलेली ही एकच.

मीही मग आठ दिवस रजेवर गेले. परत आले तेव्हा मिस्त्री शेवटचा हात फिरवत होता. गोठा दवाखान्यासारखा चमकत होता. खोकी मुख्य इमारतीतल्या एका खोलीत हलवून प्रयोगशाळेत उतार आणि नाली केली होती. मी दारातच बसले. मिस्त्री म्हणाला, "टाइलां जिधर थे, उधरीच बिठा दिये म्याडम. बची सो जगह में नाली." त्याच्या दृष्टीने सगळं अगदी बरोबर होतं.

टाइल्स गोठ्यात कुणी उतरवायला लावल्या, हे मी कुणालाच सांगितलं नाही. करार संपायला दोन महिने होते.

कॉलेज सुरू झालं आणि तपासणी समिती आठ दिवसांत येणार असल्याचं पत्र आलं. नव्या प्रयोगशाळेत आम्ही टेबलं मांडली, तर नळ्या घरंगळत जाऊन नालीत पडू लागल्या. स्टुलावर बसलेली पोरं तासाच्या शेवटी भिंतीपाशी गोळा झालेली असायची. ठेकेदार फोन उचलत नव्हता. प्राचार्यांनी ठरवलं की समितीपुढे या विषयाला तोंडच फोडायचं नाही. त्या दिवशी फक्त दोन तास गायी टाइल्सवर उभ्या करायच्या, छान दिसतील. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. प्राचार्य वैतागून म्हणाले, तुम्हीच विचारा आणि मला कळवा.

हे सरांना सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅन्टीनमधून नारळाच्या चार करवंट्या आणवल्या, दोन हातांना, दोन पायांना सुतळीने बांधल्या, आणि प्राचार्यांना बोलावून त्यांच्यासमोर चार पायांवर गोठ्यात शिरले. पोरं खिडक्यांना लटकली होती. सर टक-टक आवाज करत सहा पावलं व्यवस्थित चालले. प्राचार्यांचा चेहरा खुलला. जमतंय की, असं ते म्हणाले. सर मान वर करून म्हणाले, "चालणं सोपं असतंय. गाय दिवसात धा-बारा वेळा बसती अन् उठती. उठताना मागचे पाय आधी. बघा आता." ते गायीसारखे बसले. बसलेल्या जागी थोडा वेळ रवंथही केलं, त्याची खरं तर गरज नव्हती. मग मागचा भाग वर उचलला, पुढचे गुडघे म्हणजे कोपरं टेकलेलीच होती, मागची करवंटी सटकली आणि सर उजव्या मनगटावर आपटले. हाड मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

तसेच फरशीवर पडून त्यांनी निकाल दिला. "मी साठ किलोचा. सोयगाव साडेचारशेची, अन् पोटात नववा महिना. ती अशी पडली तर परत उठत नसती, सायेब. पाय मोडलेली गाय उठत नसती."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. सरांना दवाखान्यात नेताना गाडीत त्यांनी कबूल केलं की गायी टाइल्सवर नेणार नाही. मग न्यायच्या कुठे? पावसाळा तोंडावर आला होता, कडुनिंबाखाली ठेवून भागणार नव्हतं. खरखरीत कोबा, उतार आणि नाली एकाच ठिकाणी होती. दोन दिवसांनी आम्ही अकरा तालुके प्रयोगशाळेत हलवले आणि प्रयोगशाळा गोठ्यात. गव्हाणींमध्ये नळ्या आणि बाटल्या छान बसल्या. गायी प्रयोगशाळेत गेल्या, दोन-चार वेळा फुरफुरून वास घेतला आणि अर्ध्या तासात बसल्याही. मोठ्या खिडक्यांमधून वारा यायचा. पाट्या बदलायला मात्र वेगळी परवानगी लागत होती, त्यामुळे पाट्या तशाच राहिल्या.

समिती आली. तिघे जण, तिघांच्या हातात छापील तक्ते. त्यांनी आधी 'गोठा' बघितला. पोरं गव्हाणीपाशी ओळीने उभी राहून खाली मान घालून आकडे वाचत होती. एका सदस्याने तक्त्यातला प्रश्न जसाच्या तसा विचारला, प्रत्येकाला जागा किती? सर प्लास्टरमधला हात सावरत म्हणाले, दोघांत एक टेबल. खाद्य? डबे आणतात. सदस्याने दोन्ही लिहून घेतलं. मग ते 'प्रयोगशाळे'कडे वळले. दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी होती. सरकारी तपासणीची सवय असलेली माणसं, तिघांनीही बूट काढले आणि मोजे घालून गायींमध्ये शिरले. आतून दरवळ आला होता, पण पाटीपुढे कुणाचं चाललं नाही.

आणि नेमकी तेव्हाच सोयगाव व्यायला लागली. वासराचे पुढचे पाय दिसले आणि तिथेच अडकले. सरांचा उजवा हात गळ्यात, गोठ्यावरचा गवळी चारा आणायला गेलेला, मी तर भिंतीला चिकटलेले. सरांनी समितीच्या अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष फर्दापूरकडचे, मूळचे शेतकरी घरातले, हे आम्हाला नंतर कळलं. सरांनी मात्र पायांकडे बघूनच ओळखलं असावं, कारण अध्यक्ष नालीला अंतर राखून उभे होते आणि बाकीचे दोघे नालीतच. "धरता का?" सरांनी विचारलं. अध्यक्षांनी तक्ता माझ्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि वासराचे पाय धरले. सर डाव्या हाताने सोयगावच्या पाठीवर थोपटत सांगत होते, "आता नाय. आता नाय. आता ओढा, खाली ओढा." कालवड बाहेर आली. अध्यक्षांचे मोजे वाया गेले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

अहवालात लिहून आलं की गोठा अत्यंत स्वच्छ आहे, दुर्गंधी नाही, आणि प्रयोगशाळेत उपकरणं कमी असली तरी पाण्याचा निचरा उत्तम आहे. आम्ही पास झालो. फक्त अध्यक्षांनी जाताना प्राचार्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मी डोळे मिटलेत, पण कागद हवा. फरशा चुकीच्या इमारतीत कुणाच्या सांगण्यावरून बसल्या, ते त्या माणसाने लिहून द्यावं. तसा कागद असेल तर पाट्यांची अदलाबदल मंजूर होईल आणि गायी आहेत तिथेच राहतील. नसेल तर फरशा बरोबर धरल्या जातील आणि महिन्याभरात गायी परत टाइल्सवर.

तीन दिवस मी तो कागद लिहून दिला नाही. सोयगाव आणि तिची कालवड रोज दिसायची, आणि मी मान खाली घालून नळ्या धूत राहायचे. मला माझी लाज वाटत होती, पण नोकरीही हवी होती.

चौथ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. हात प्लास्टरमध्ये म्हणून मजकूर मी लिहायचा होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली: मी, विभागप्रमुख, असं लिहून देतो की टाइल्स गोठ्यात बसवण्याची तोंडी सूचना मीच मिस्त्रीला दिली होती. माझा पेन थांबला. मी म्हटलं, "सर, टाइल्स मी उतरवून घेतल्या."

"मला माहिताय. मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं. लिहा."

"पण तुम्ही तर तेव्हा गावाला होतात. हे खोटं आहे, सर."

"व्हय, खोटं आहे," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलं तर तुम्ही उद्या घरी. अन् त्या जागेवर नवं माणूस येईल, त्याला मी परत सगळं शिकवत बसू का? लिहा."

मी लिहिलं. खाली सही हवी होती. डाव्या हाताची सही नोंदीशी जुळणार नाही, असं कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं. बऱ्याच विचाराअंती त्याने मार्ग काढला, अंगठा चालेल. तर पशुसंवर्धनात डॉक्टरेट केलेल्या, एका दशांशासाठी चाळीस वह्या परत पाठवणाऱ्या माणसाने शाईत डावा अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. मग रुमालाने पुसत मला म्हणाले की शाई चांगली आहे, लवकर निघत नाही.

पाट्या बदलल्या. गायी राहिल्या. माझा करार वाढला. सरांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते, आणि ते सहा महिने त्यांची बदली लांबच्या एका कोरडवाहू संशोधन केंद्रावर झाली. तिथे ज्वारी, तूर आणि करडई होती. जनावर एकही नव्हतं.

जायच्या दिवशी सभागृहात निरोप समारंभ ठेवला होता. प्राचार्य, पाहुणे, शाल, सगळं तयार, आणि सरांचा पत्ता नाही. मला शोधायला पाठवलं. ते गोठ्यात, म्हणजे जुन्या प्रयोगशाळेत, बादली उलटी घालून बसले होते. गायी बसून रवंथ करत होत्या. मी म्हटलं, सर, सगळे थांबलेत. ते म्हणाले, थांबू द्या, यांना उठू द्या.

मी शेजारी उभी राहिले. माझा फोन तीनदा वाजला, मी बंद करून टाकला. बऱ्याच वेळाने सिल्लोड उठली, मग पैठण, मग कन्नड. प्रत्येक वेळी सर किंचित पुढे वाकून फक्त मागच्या खुरांकडे बघत होते. खूर खाचेत रुतायचे, थांबायचे, आणि गाय उभी राहायची. सोयगाव सगळ्यांत शेवटी उठली. कालवड तिच्या पोटाखाली शिरली. सरांनी मोकळा श्वास सोडला आणि उठायला माझ्याकडे डावा हात पुढे केला.

महिनाभर जे बोलायचं राहिलं होतं ते मी तेव्हा बोलून टाकलं. म्हटलं, "सर, माझ्या चुकीमुळे तुम्हाला..."

"हळू बोला, बाई," ते म्हणाले. "त्यांना आवडलंय इथं."